निळ्या ड्रममधलं गोडं

रविवारी दुपारचं जेवण उरकलं, भांडी घासून पालथी घातली, की वहिनी दाराला आतून कडी लावायच्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याची एक चपटी डबी खाली काढायच्या. डबीला आट्यांचं झाकण होतं आणि त्यावरून रबराची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. पट्टी सोडायची, झाकण फिरवायचं, नाक जवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि एकच श्वास घ्यायचा. दुसरा घ्यायचा नाही, हा त्यांनी स्वतःला घालून दिलेला नियम होता. कारण प्रत्येक वेळी उघडलं की आतलं थोडं थोडं उडून जायचं, आणि एकदा संपलं की ते पुन्हा कुठून आणणार? त्या एका श्वासापुरते वस्ताद घरी आलेले असायचे.

वस्ताद म्हणजे त्यांचा नवरा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. छापखान्यात चार रंगांच्या मोठ्या मशीनवर त्यांनी बावीस वर्षं काढली आणि तिथल्या सगळ्यांनी त्यांना वस्ताद करून टाकलं. त्यांचं खरं नाव शेवटी दवाखान्याच्या केसपेपरवर पाहिलं, तेव्हा जोडीदारांनाही ते कुणा परक्याचं वाटलं. वहिनी त्याच छापखान्यात बाइंडिंगला होत्या. छापलेले कागद घडी घालायचे, पानं जुळवायची, शिवायची. मशीन आणि बाइंडिंग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचणारी. तिकडे वस्ताद, इकडे वहिनी, आणि मध्ये एवढंसं लाकूड. यांचा संसार भिंतीवरून चालतो, असं बाइंडिंगच्या बायका चिडवायच्या, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं.

डबीत होतं ते गोडं. मशीनचा रंग बदलायचा म्हणजे आधीची शाई रोलरवरून पार निघायला हवी. शाई मोठी चिवट; साबणाच्या बापाला जुमानत नाही. त्यासाठी एक पातळ, पाण्यासारखं दिसणारं द्रावण यायचं. त्याचा वास गोडसर होता, म्हणून कामगारांनी त्याचं नाव गोडं ठेवलं होतं. माल चोख आहे की नाही हे ओळखायची वस्तादांची एक रीत होती. तळहातावर चार थेंब घ्यायचे आणि एक, दोन, तीन म्हणत राहायचं. पाचाच्या आत तळवा थंड पडून कोरडा झाला, तर माल खरा. दिवसातून सात-आठ वेळा त्यात फडकी बुडवून रोलर पुसले जायचे, आणि पाळी सुटली की सगळेजण त्याच गोड्यात कोपरापर्यंत हात धुवायचे. वस्तादांचे हात पांढरेफटक आणि भेगाळलेले असत. पण नखांत शाईचा कण दिसला तर शपथ, असं ते ऐटीत म्हणायचे.

लग्नाआधी वहिनींना माणूस दिसायच्या आधी वास यायचा. भिंतीपलीकडून गोड्याचा भपकारा जरा जवळ आला की त्यांची घडी चुकायची. पुढे घरी आल्यावरही तेच. जिन्यावर पावलं वाजायच्या आत दाराच्या फटीतून वास शिरायचा आणि त्या चहा ठेवायच्या. बाकीच्या बायकांचे नवरे घामाचा किंवा तंबाखूचा वास घेऊन घरी यायचे. आपला नवरा गोड वासाचा आहे, याचा वहिनींना मनातून केवढा तोरा होता. मूलबाळ झालं नाही. दोघांनी एकमेकांनाच लाडावून ठेवलं.

आता निळ्या ड्रमची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडतं. वस्ताद जाण्याच्या आठेक वर्षं आधी मालकांनी गोडं बंद केलं. ते रक्ताला चांगलं नाही, असं वरून कुणीतरी बजावलं होतं. त्याच्या जागी निळ्या ड्रममधून एक नवं द्रावण आलं. त्याला ना वास ना जोर. रोलर धुवायला तिप्पट वेळ लागायचा आणि वर तेलकट पापुद्रा राहायचा. आठवडाभर वस्ताद धुसफुसले. मग एका कामात निळ्या आभाळावर पिवळट डाग उमटले, तीन हजार कागद रद्दीत गेले, आणि वस्तादांचा पारा चढला. ते तडक स्टोअरकीपरकडे गेले. दोघांनी मिळून डोकं चालवलं: ड्रम निळेच ठेवायचे, वरची चिठ्ठीही तीच ठेवायची, आत मात्र जुना माल भरायचा. तपासणीला कुणी आलं की निळा ड्रम बघून मान डोलवायचं आणि निघून जायचं. मालकांना कळत नव्हतं असं नाही. काम वेळेत निघत होतं, म्हणून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

हा पराक्रम वस्तादांनी घरी जेवता जेवता रंगवून सांगितला होता. तपासणीवाल्याने ड्रमवर टिचकी मारून 'छान' म्हटलं, याची त्यांनी अशी नक्कल केली की वहिनींना हसता हसता ठसका लागला. 

आजार आला तो चोरपावलांनी. आधी दम लागायला लागला, मग कुठेही आपटलं नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले, मग दात घासताना रक्त. रक्ताचा कर्करोग, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा वस्तादांनी विचारलं, की कामावर कधी जाता येईल. सात महिने ते वॉर्डात होते. तिथेही बोटं चादरीची कड अशी उलगडायची, जशी कागदाची गड्डी सुटी करतात. एक दिवस म्हणाले, इथे नुसता फिनेलचा वास आहे, माणसाने जगायचं कसं? वहिनी दुसऱ्या दिवशी रुमालावर गोड्याचे दोन थेंब टाकून घेऊन गेल्या. डबी घरीच होती. कॉलरवरचे, फ्रॉकवरचे शाईचे डाग काढायला वस्तादांनी ती भरून आणली होती, आणि आळीतल्या अर्ध्या घरांचे डाग तिने काढले होते. रुमाल नाकाशी धरून वस्ताद कितीतरी दिवसांनी हसले. वहिनी रोज रुमाल नेत राहिल्या, शेवटपर्यंत.

नवरा गेल्यावरही त्या कामावर जात राहिल्या, त्याचं कारण तेच होतं. भिंतीपलीकडून वास यायचा. दिवसभर घड्या घालताना वाटायचं, पाळी सुटेल आणि वस्तादांचं डोकं भिंतीच्या कडेने पुढे येईल.

मग सहा आठवड्यांपूर्वीच्या एका सोमवारी त्या कामाला बसल्या आणि वास नव्हता. त्यांना वाटलं सर्दी झाली. दुपारपर्यंत कळलं, की ड्रम रिकामे करून घासून ठेवलेत आणि आत खरोखरचं नवं द्रावण भरलंय. वस्तादांचा जोडीदार, ज्याला सगळे बारक्या म्हणत, त्याला आदल्या आठवड्यात दवाखान्यात ठेवलं होतं. बारक्या चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, अठरा वर्षं वस्तादांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. त्यालाही तेच झालं होतं. वहिनींनी त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा नियम मोडला आणि डबीतून दोन श्वास घेतले. आता जगात वस्ताद तेवढ्या डबीतच उरले होते.

सहा आठवड्यांनी, या रविवारी, डबी अशीच हातात होती आणि दार वाजलं. वहिनींनी घाईने झाकण फिरवलं, डबी कपाटात टाकली आणि कडी काढली. दारात बारक्याची बायको होती. डोळे खोल गेलेले, केस कसेतरी बांधलेले. ती पाणीही न पिता बोलायला लागली. कामगारांच्या तब्येतीचं बघणारा जो सरकारी दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बारक्याला खोदून खोदून विचारलं होतं, की तू काय हाताळतोस. तो गप्प बसला. मग त्या स्वतः छापखान्यात जाऊन आल्या. कागदावर नवं द्रावण, ड्रममध्येही नवं द्रावण. स्टोअरकीपरने कानावर हात ठेवले. जुना माल कुठून यायचा त्याला ना बिल ना पत्ता. गोडं वापरलंच नाही असं ठरलं, तर बारक्याचा आजार त्याच्या नशिबाचा. मग बाकीच्यांचं रक्तही कुणी तपासणार नाही, आणि चार महिन्यांनी सगळं थंड झालं की ड्रममध्ये पुन्हा जुना माल येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की एखादी जुनी बाटली, बंद डबा, काहीही मिळालं तर तपासून सिद्ध करता येईल.

"वहिनी, माझ्या थोरलीच्या फ्रॉकवरची शाई भाऊजींनी काढून दिली होती," ती म्हणाली. "पत्र्याची डबी होती बघा. चपटी."

खोलीत तो वास अजून होता. तिला आला असेल का, या विचाराने वहिनी कपाटासमोर सरकून उभ्या राहिल्या.

"ती कधीच संपली गं," त्या म्हणाल्या. "रिकामी डबी भंगारात दिली."

बारक्याच्या बायकोने एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि उठली. ती चार शब्द वाईट बोलली असती तर वहिनींना बरं वाटलं असतं.

आपण खोटं का बोललो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डबी दिली की वास गेला, हे एक. आणि डबी दिली की ते कुणी आणवलं हा प्रश्न येणार, हे दुसरं. ज्या माणसाचं नाव घेताना छापखाना अजून टोपी काढल्यासारखा बोलतो, त्याच्या नावावर बारक्याचं दुखणं लिहिलं जाणार. जिवंत माणूस निदान भांडू तरी शकतो. मेलेल्याची बाजू कोण घेणार, बायकोने नाही घेतली तर?

सोमवारी घड्या घालताना शेजारची शिवणारी बाई सहज म्हणाली, की गेले महिनाभर आपलं डोकं दुखायचं थांबलंय. इतकी वर्षं तिला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढलाय. वहिनींनी हातातला कागद चुकीचा दुमडला, उलगडला, पुन्हा चुकीचा दुमडला. भिंतीच्या अलीकडे पाच बायका होत्या आणि पलीकडे चार पुरुष. त्यांनी आजवर ही माणसं कधी मोजली नव्हती. त्या दिवशी चार वेळा मोजली.

संध्याकाळी त्या बारक्याला बघायला गेल्या. मनात असं होतं, की त्याला बरं वाटत असेल तर आपल्यालाही जरा हलकं वाटेल. वॉर्डाच्या दारात हात धुवायला लावले, तोंडाला मास्क दिला. बारक्या आधीच बारीक, आता तर अंथरुणात होता की नाही तेच दिसत नव्हतं. वहिनींना पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. त्यांनी त्याला दटावून आडवं केलं.

तो इकडचं तिकडचं बोलला. पिवळ्या युनिटचा रोलर आवाज करत असेल, तेल द्यायला सांगा, म्हणाला. मग बायको बाहेर गेल्याचं पाहून त्याने आवाज खाली आणला.

"ही तुमच्याकडे आली होती ना? मी नको म्हटलं होतं. काही देऊ नका वहिनी. वस्तादांचं नाव राहू दे. ड्रममध्ये ओतायचो मीच. माझं तोंड मी उघडणार नाही."

वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती मोठी सोय करून देत होता तो त्यांची. फक्त मान हलवायची होती.

"एक सांगू का?" बारक्या पुढे म्हणाला, आणि जरा लाजला. "इथे नुसता औषधांचा वास. झोपच लागत नाही. तुमच्याकडे डबी असेल अजून, मला माहितेय. वस्तादांना रुमालावर आणून द्यायचात ना, तसं दोन थेंब मला आणाल?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. चादरीच्या कडेवर त्याची बोटं तशीच चालली होती, गड्डी सुटी करत. त्यांना आपला रुमाल दिसला, घडी घातलेला, रोज नवा. हसणारा नवरा दिसला. शेवटपर्यंत रोज आपण त्यांना काय हुंगायला देत होतो, हे त्यांनी आजवर स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. आजही कदाचित विचारलं नसतं, जर दुसऱ्या माणसाने त्याच आवाजात तेच मागितलं नसतं.

"नाही आणणार," त्या म्हणाल्या.

बारक्याला वाटलं, त्या रागावल्या. त्याने माफी मागितली. वहिनींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, की मी रागावले असेन तर तुझ्यावर नाही.

मंगळवारी त्यांनी रजा टाकली. डबी कपाटातून काढली, हलवून पाहिली. तळाशी बोटभर आवाज झाला. झाकण उघडायचा त्यांना इतका मोह झाला की बोटं रबराच्या पट्टीखाली शिरली. एकच श्वास, शेवटचा, कुणाला कळणार होतं? पण आता त्यांना एका गोष्टीची भीती वाटत होती, की वास आला आणि तो पूर्वीसारखाच गोड लागला, तर आपण घरातून निघणारच नाही. त्यांनी डबी न उघडताच पिशवीत घातली आणि चपला सरकवल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, बोलायला शांत. त्यांनी हातमोजे घालून डबी घेतली, एका जाड पिशवीत घातली, ती बंद केली, मग दुसऱ्या पिशवीत घातली आणि तीही बंद केली. वहिनी बघत होत्या. त्यांना उगाचच वाटलं, आता आपल्या ह्यांना आत श्वास घेता येणार नाही.

मग प्रश्न सुरू झाले. हे ड्रममध्ये कुणाच्या सांगण्यावरून भरलं जायचं? वहिनींनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"आमच्या ह्यांच्या," त्या म्हणाल्या. "त्यांना काम नीट व्हायला हवं असायचं. दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं. हेही लिहा."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहिलं. अशा द्रावणात बहुतेक वेळा बेंझीन असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं ते श्वासातून आणि कातडीतून आत गेलं, तर हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे बिघाड होण्याचा धोका वाढतो. एका माणसापुरतं नक्की यामुळेच झालं, असं आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण डबीत ते निघालं, तर तुम्ही सांगितलेल्या नऊही जणांचं रक्त वर्षातून दोनदा तपासायला लावू, आणि ते ड्रम पुन्हा कुणी भरू शकणार नाही. नऊ म्हणताना त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मोजताना स्वतःला धरलंच नव्हतं; त्या धरून दहा होत होते.

"तुमचा संबंध किती वर्षं आला? भिंतीपलीकडूनच ना?"

"भिंतीपलीकडून, आणि घरात. त्यांचे कपडे मीच धुवायचे. उशीलाही तोच वास असायचा."

"आणि शेवटचा वास कधी घेतलात?"

"परवा रविवारी," वहिनी म्हणाल्या. "दर रविवारी घेते. तीन वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. का, असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर ते होतंच.

"ते घरी आल्यासारखं वाटायचं मला," वहिनी म्हणाल्या. "मला त्यांची फार आठवण येते हो. दुसरं काही नव्हतं त्यांचं ठेवायला."

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला, आजच तुमचं रक्त घेऊ म्हणाल्या, आणि शेजारच्या नर्सला हाक मारली. नर्सने वहिनींची बाही वर सारली, दंडाला रबराची पट्टी बांधली. तशीच पट्टी डबीला होती. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तिने कोपराच्या खळगीत फिरवला.

वहिनींनी डोळे मिटले आणि सवयीने मनात आकडे म्हणायला लागल्या. एक, दोन, तीन. पाचाच्या आत कातडी थंड पडून कोरडी झाली. वास मात्र वस्तादांचा नव्हता.